शाफ्ट कुणी खाल्ला? पोलादाची झीज ओळखायची कशी आणि त्यावर थर निवडायचा कसा

मागच्या उन्हाळ्यात एक शेतकरी रोटाव्हेटरचा बाजूचा शाफ्ट पोत्यात गुंडाळून आमच्या कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या शॉपवर आले. म्हणाले, "तीन सीलं बदलली की ओ. पंधरा दिवस झालं की परत तेल गळतंय. सीलंच डुप्लिकेट येत्यात आता."

शाफ्ट हातात घेऊन सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगच्या) जागेवरून नख फिरवलं. अडकलं. सीलच्या ओठाएवढीच (शाफ्टला टेकणाऱ्या कडेएवढीच) रुंद, शाफ्टभोवती गोल फिरलेली, आरशासारखी चकचकीत खाच. सीलं बिचारी चांगली होती, शाफ्ट खाल्ला होता. त्यांना ते पटेना. सील रबराचं, शाफ्ट पोलादाचा. रबर पोलादाला कसं खाईल?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. पण शॉपमध्ये नव्यानं लागलेल्या पोरानं त्या दिवशी वेगळाच प्रश्न विचारला: "ह्याच्यावर काय मारायचं? हार्ड क्रोम?" आयटीआय किंवा डिप्लोमा करून मेंटेनन्सला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. कुणी खाल्लंय ते कळल्याशिवाय वर थर चढवला की पैसे जातात आणि सहा महिन्यांनी तोच शाफ्ट पुन्हा टेबलावर येतो. म्हणून आम्ही ज्या क्रमानं जातो तो क्रम इथे मांडतोय.

पायरी १: डिझेल आणि पॉलिश पेपर लांब ठेवा

पार्ट आला की नव्या माणसाचा हात आपोआप डिझेलच्या डब्याकडे जातो. थांबा. त्या घाणीतच पुरावा असतो. आधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढा. मशीन उघडताना तुम्ही स्वतः हजर असाल तर खडूनं खुणा करा: पुली कुठल्या बाजूला होती, बुशची (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीची) वरची बाजू कुठली.

मग जुनं ग्रीस बोटावर घेऊन चोळा. कचकच लागली तर माती आत गेलीय. तेच ग्रीस पांढऱ्या कागदावर पातळ पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. चुंबकामागे ओढली जाणारी चंदेरी चमचम म्हणजे पोलादाचे तुकडे. पिवळी चमचम जागची हलत नसेल तर ते गनमेटल (बुशचा तांब्याचा मिश्रधातू), म्हणजे बुश झिजतोय. लालसर तपकिरी पूड दिसली तर ती वेगळी ठेवा, तिची गोष्ट पुढे आहे.

झीज शाफ्टवर सगळीकडून गोल आहे की एकाच बाजूला, हेही आत्ताच बघून घ्या. शाफ्ट सगळीकडून सारखा झिजलाय आणि बुश मात्र एकाच बाजूला खाल्लाय, तर भार एकाच दिशेनं येतोय. बहुतेक पट्टा जास्त ताणलाय. उलट शाफ्ट एकाच बाजूला आणि बुश चहूबाजूंनी झिजला असेल तर भारच शाफ्टबरोबर फिरतोय, म्हणजे शाफ्ट वाकलाय किंवा त्याच्यावरचं काहीतरी बॅलन्समध्ये नाही. फडक्याचा पहिला फटका मारण्याआधी एवढं सगळं कळतं.

पायरी २: दोन पृष्ठभाग टेकतात तरी किती, हे समजून घ्या

थिअरी इथे एवढीच आहे, पण ती टाळू नका. ग्राइंडिंग केलेला शाफ्टही जवळून पाहिला तर डोंगरदऱ्यांचाच असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की टेकतात ती फक्त शिखरं. ती भार पेलण्याइतकी चपटी होईपर्यंत दबतात आणि मग थांबतात.

हिशोब सोपा आहे. कठीणपणा मोजायचं विकर्स हे माप मुळात दर चौरस मिलिमीटरला किती किलो, असंच असतं. बिनहार्ड केलेला ईएन ८ (शाफ्टला वापरतात ते मध्यम कार्बनचं पोलाद) साधारण २०० विकर्सचा. त्यावर १०० किलोचा भार ठेवला तर खरी टेकलेली जागा १०० भागिले २००, म्हणजे अर्धा चौरस मिमी. वरचा तुकडा तळहाताएवढा असो की परातीएवढा, शंभर किलो पेलते ती जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी जागा. गियूम आमोंतों या फ्रेंच माणसानं १६९९ मध्येच लिहून ठेवलं होतं की घर्षण भारावर ठरतं, तुकड्याच्या लांबी-रुंदीवर नाही. त्याचं कारण हे.

त्या इवल्याशा जागांवर दाब इतका असतो की स्वच्छ धातूला धातू थंडच चिकटतो. ते सांधे तोडत पुढे सरकणं म्हणजे घर्षण, आणि तुटताना निघालेला तुकडा म्हणजे झीज. कोरड्या, स्वच्छ पोलादावर पोलाद सरकवताना घर्षणाचा गुणांक ०.६ च्या आसपास असतो: १०० किलो भाराला ६० किलोची ओढ. तेलाचा नुसता पातळ पापुद्रा असला तर तो ०.१ वर येतो, म्हणजे १० किलो. चांगल्या बॉल बेअरिंगमध्ये ०.००१५ च्या आसपास, म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम. कुठलाही महागडा थर निवडण्याआधी हे तीन आकडे डोळ्यांसमोर ठेवा. कोरड्याकडून तेलाकडे जाण्यात जो फायदा आहे तो एका थरातून दुसऱ्या थराकडे जाण्यात क्वचितच मिळतो.

झिजेचा नियम १९५३ मध्ये आर्चर्ड यांनी मांडला: भार वाढला की झीज वाढते, घासलेलं अंतर वाढलं की वाढते, पृष्ठभाग कठीण असला की कमी होते. ह्यातलं अंतर लोक विसरतात. रोटाव्हेटरचा ४५ मिमीचा शाफ्ट मिनिटाला २२० फेरे फिरतो असं धरा. सीलच्या ओठाखालून तासाला जवळपास १.९ किमी पोलाद सरकतं. चारशे तास मशीन चाललं तर साडेसातशे किमी, कोल्हापूर-मुंबई जाऊन परत. ओठ मात्र जागचा हलत नाही.

घर्षण म्हणजे नेहमी शत्रू, असंही नाही. आमच्या भागातल्या साखर कारखान्यात हंगाम सुरू असताना मिलच्या रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे खडबडीत ठिपके मारत असलेला वेल्डर बघा. त्याला आर्किंग म्हणतात. ऊस घसरू नये, रोलरनं तो ओढून घ्यावा म्हणून तिथे मुद्दाम घर्षण वाढवतात. ठिपके कठीण असल्यामुळे दातही लवकर झिजत नाहीत. घर्षण वाढलं आणि झीज कमी झाली, दोन्ही एकाच ठिपक्यानं. म्हणून ह्या दोन गोष्टी एकच समजू नका.

पायरी ३: खुणा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आता पार्ट धुवा, पुसा आणि उन्हात तिरका धरून बघा. उन्हाइतका चांगला उजेड बल्बचा पडत नाही.

*सरळ, समांतर रेघा.* सरकण्याच्या दिशेनं पडलेल्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. हे कठीण कणाचं काम. माती, वाळू, वेल्डिंगची कीस, ग्राइंडिंगची धूळ, काहीही असू शकतं. शेतकऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. रबर पोलादाला खात नाही. रबरात रुतलेला मातीचा कण खातो. मऊ ओठ कणाला धरून ठेवतो आणि तो कण शाफ्टवर पेन्सिलीसारखा फिरतो. कण फार बारीक असले की रेघा वेगळ्या दिसत नाहीत, पॉलिश केल्यासारखी चकचकीत खाच पडते. चकचकीत आहे म्हणून पृष्ठभाग चांगला, असं समजू नका. मऊ व्हाइट मेटलच्या बेअरिंगमध्ये हाच प्रकार होतो: कण बेअरिंगमध्ये रुततो आणि खाल्ला जातो तो शाफ्ट.

*खरवडलेलं, ओढून नेलेलं धातू.* एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला चिकटलेला गोळा. हे चिकटून फाटणं, म्हणजेच सीझ होणं. तेल संपलं, भार वाढला किंवा दोन्हीकडे एकच धातू असला की हे होतं. ३०४ स्टेनलेसच्या बोल्टवर ३०४चाच नट कोरडा चढवून पान्यानं जोरात आवळून बघा; मध्येच असा अडकतो की पुढे ना मागे, शेवटी कापूनच काढावा लागतो. आटे खराब नसतात, एकमेकांना चिकटलेले असतात. पोलादी शाफ्टला बुश गनमेटलचा का घालतात, ह्याचं उत्तरही हेच: जोडी वेगवेगळ्या धातूंची असावी आणि झिजायचंच असेल तर स्वस्त, बदलता येणाऱ्या भागानं झिजावं.

*लाल-तपकिरी पूड.* बेअरिंगच्या आतल्या रिंगखाली, कपलिंगच्या बोअरमध्ये, कीच्या (पुली शाफ्टला अडकवणाऱ्या पाचरीच्या) बाजूला. नवा माणूस म्हणतो, "गंजलंय, पाणी गेलं असणार." पाणी गेलेलं नसतं. फिट सैल पडल्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांवर काही मायक्रॉन पुढे-मागे हलत राहतात. त्यातून निघालेली बारीक पूड हवेत लगेच ऑक्साइड होते, म्हणून रंग लाल. हिला इंग्रजी नाव फ्रेटिंग. ही खूण दिसली तर नुसता शाफ्ट घासून गुळगुळीत करून तोच सैल फिट परत बसवू नका. शिवाय शाफ्टला चीर पडायची सुरुवात अशाच जागेवरून होते, म्हणून मोठ्या कामाच्या शाफ्टवर डाय पेनेट्रंट (चिरा दाखवणारं रंगीत द्रव) मारून बघा.

*बारीक खड्डे, खपल्या.* गिअरच्या दातावर मध्यरेषेच्या आसपास किंवा बेअरिंगच्या ट्रॅकवर. इथे घासून काही गेलेलं नाही. लाखो वेळा दाब येऊन धातू पृष्ठभागाखालून थकलाय आणि खपली निघालीय. ह्याच्यावर वरून थर मारून भागत नाही, खालचा धातूच गेलेला असतो. पार्ट बदला.

*लाटा-लाटा, मासळीच्या खवल्यांसारखं.* पाण्याबरोबर वाळू येणाऱ्या पंपाच्या इंपेलरवर. हिमाचलात सतलजवरच्या १५०० मेगावॅटच्या नाथपा झाकडी प्रकल्पात टर्बाइनचे पोलादी भाग नदीच्या गाळानं असेच खाल्ले आणि तिथे टंगस्टन कार्बाइडचा थर वापरावा लागला. हिमालयातल्या नद्यांच्या गाळात क्वार्ट्झ भरपूर असतं.

एकाच पार्टवर दोन खुणाही सापडतात. पहिली कुठली आणि तिच्यामुळे झालेली दुसरी कुठली, हे ओळखणं सरावानं येतं.

पायरी ४: मोजा

व्हर्निअरनं नाही, मायक्रोमीटरनं. झिजलेल्या जागी तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. आणि शेजारच्या न झिजलेल्या जागी एकदा, कारण मूळ माप तिथेच मिळतं. आमच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टवर न झिजलेली जागा ४४.९७ मिमी आणि खाचेत ४४.६२ आलं. म्हणजे व्यासात ०.३५ मिमी गेला, खाच ०.१७५ मिमी खोल. मग शाफ्ट व्ही ब्लॉकवर ठेवून डायल लावा आणि फिरवून तो वाकलाय का बघा. वाकलेल्या शाफ्टवर कुठलाही थर मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

कठीणपणा मोजायचं यंत्र प्रत्येक शॉपमध्ये नसतं, जुनी चांगली कानस मात्र असते. बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यावर कानस हलकेच चालवा. सहज खाल्लं तर धातू मऊ. काचेवरून सरकावी तशी घसरली तर ६० रॉकवेलच्या (कठीणपणाचं दुसरं माप) घरात. ह्या शाफ्टला कानस लोण्यासारखी लागली.

पायरी ५: कठीणपणाची उतरंड पाठ करा

विकर्सचे अंदाजे आकडे (ह्यातल्या प्रक्रिया पायरी ७ मध्ये येतील): साधं एमएस (माइल्ड स्टील) १३०, ईएन ८ बिनहार्ड २००, केस हार्डन केलेला पृष्ठभाग ७०० ते ७५०, हार्ड क्रोम ८५० ते १०००, ईएन ४१बी नायट्राइड केलेलं १००० च्या आसपास, टंगस्टन कार्बाइडचा फवारलेला थर १००० ते १३००, टायटॅनियम नायट्राइड २३०० च्या आसपास.

आता ह्याच उतरंडीत शत्रूला बसवा. वाळूतलं क्वार्ट्झ १००० ते ११००. आपली काळी माती बेसॉल्टची. त्यातल्या फेल्डस्पारसारख्या खनिजांचा कठीणपणा ६०० ते ७५०. म्हणजे २०० च्या ईएन ८ला काळी मातीसुद्धा आरामात कापते. केस हार्डन केलेला शाफ्ट काळ्या मातीत तग धरतो, नदीच्या वाळूत तोही हरतो. पृष्ठभाग कणाच्या कठीणपणाच्या जवळ पोचला की झीज एकदम खाली येते. तोपर्यंत १५० चा २५० केला काय आणि ३०० केला काय, फार फरक पडत नाही.

पायरी ६: स्वस्तातले उपाय आधी संपवा

इथे पोरं नाराज होतात, कारण ह्यात कारागिरी दिसत नाही. पण त्या शाफ्टचं काय केलं ते सांगतो. सीलच्या घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, सीलच्या बाहेरच्या बाजूला चार मिमी मोकळी जागा होती. खाली तीन मिमीची रिंग घालून सील तेवढं बाहेर सरकवलं. ओठ आता खाचेवर न बसता शेजारच्या शाबूत पट्ट्यावर बसतो. एकेरी ओठाचं सील काढून धूळओठ असलेलं दुहेरी घातलं, दोन ओठांमध्ये ग्रीस भरलं, आणि शाफ्टला गुंडाळलेलं पाचट सीलला टोचू नये म्हणून बाहेरून पत्र्याची वाटी बसवली. दुपारी आलेले शेतकरी संध्याकाळी शाफ्ट घेऊन गेले.

सरकवायला जागा नसेल तर बाजारात पातळ स्टेनलेसची स्लीव्ह मिळते, जाडी पाव मिमीच्या आसपास, म्हणून सीलचं माप बदलावं लागत नाही. खोल खाच आधी इपॉक्सीनं भरून मग ती ठोकून बसवतात. आणखी एक देशी उपाय म्हणजे शाफ्ट लेथवर उतरवून त्यावर हार्ड रिंग चढवणं. करता येतो, पण हिशोब करून: ४५चा शाफ्ट ४१ वर आणला तर पीळ सोसायची ताकद जवळपास चौथाईनं कमी होते. पंपाला चालेल. दगड लागल्यावर झटका खाणाऱ्या रोटाव्हेटरला मी करणार नाही.

पायरी ७: आता थर

बाजारात नावं पन्नास आहेत, पण नवीन माणसाला दोनच गट लक्षात ठेवायचेत: पोलादाचीच कातडी बदलणारे, आणि वरून दुसरं काहीतरी चढवणारे.

पहिला गट जास्त भरवशाचा, कारण तिथे सुटून यायला थरच नसतो. केस हार्डनिंगमध्ये कमी कार्बनचं पोलाद ९०० अंशांच्या वर कार्बन पाजून विझवतात. १ मिमीच्या आसपास कठीण कातडी मिळते, गिअरला उत्तम. पण पार्ट वाकतो, म्हणून नंतर ग्राइंडिंगला माल ठेवावाच लागतो. इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलनं फक्त वरचा भाग तापवून विझवणं) ईएन ८, ईएन १९ च्या शाफ्टवर हव्या तेवढ्याच पट्ट्यावर होतं, आणि सीलच्या जागेसाठी मला हेच सगळ्यात आवडतं. पण ते शाफ्ट नवा बनवताना करायचं. नायट्रायडिंग, म्हणजे पोलादाला नायट्रोजन पाजणं, ५०० ते ५७० अंशांवर होतं, विझवणं नाही, त्यामुळे वाकणं जवळजवळ नाही. पूर्ण ग्राइंड झालेला पार्टही देता येतो. कातडी मात्र पातळ, फार तर अर्धा मिमी. आणि साध्या एमएसला त्याचा फायदा तुटपुंजा, कारण क्रोमियम, अॅल्युमिनियमसारखी मिश्रणं असल्याशिवाय तो कठीणपणा येत नाही.

दुसऱ्या गटात हार्ड क्रोम सगळ्यांच्या ओळखीचा. शो-पीसवरच्या चकचकीत क्रोमशी त्याची गल्लत करू नका. तो निकेलवरचा एका मायक्रॉनहूनही पातळ पापुद्रा असतो. हार्ड क्रोम दहा मायक्रॉनपासून काही शतांश मिमीपर्यंत आणि गरज पडली तर त्याहून जाडही चढतो. आमचा शाफ्ट क्रोमला दिला असता तर आधी खाच पूर्ण जाईपर्यंत ४४.५० ला ग्राइंड, मग ४५.१० पर्यंत क्रोम, मग ४४.९७ ला फिनिश. टाकीत ताशी साधारण २५ मायक्रॉन चढतो, म्हणजे एका बाजूला ०.३ मिमीसाठी बारा तास. कडेवर जास्त चढतो, कोपऱ्यात आणि की-वेमध्ये (कीच्या खाचेत) कमी. त्यात केसाहून बारीक भेगांचं जाळं असतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत त्या भेगांतून खालचं पोलाद गंजतं आणि क्रोम फुगून निघतो, म्हणून तिथे खाली निकेलचा थर मागा.

मऊ पोलादावर पातळ, अतिकठीण थर देऊ नका. मऊ भातावर पापड ठेवून अंगठ्यानं दाबा, म्हणजे कारण कळेल. पापड कितीही कुरकुरीत असला तरी खालचा भात दबतो आणि तो मोडतो. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर दोन-चार मायक्रॉनचा; तो हायस्पीड स्टीलच्या ड्रिलवर शोभतो, कारण खालचं बूडच कठीण आहे आणि थर द्यायच्या ४००-५०० अंशांत ते मऊ पडत नाही. फक्त सोनेरी रंग बघून ड्रिल घेऊ नका, आणि घासून धार लावली की टोकावरचा तो थर गेला हेही ध्यानात असू द्या.

खूप वाळू असेल तर टंगस्टन कार्बाइडची फवारणी: ज्वाळेच्या प्रचंड वेगात पूड आपटून ०.१ ते ०.३ मिमी थर. महाग, आणि ग्राइंडिंगला डायमंड व्हील लागतं. ऊस तोडणाऱ्या चाकूंवर, श्रेडरच्या हातोड्यांवर मात्र हे लाड नाहीत. तिथे क्रोमियम कार्बाइडच्या इलेक्ट्रोडनं जाड हार्डफेसिंग, म्हणजे वेल्डिंगनं चढवलेला कठीण थर. त्यात आडव्या भेगा पडतात, आणि तिथे त्या चालतात.

झिंकचं नाव घेतोच आहे तर: झिंक प्लेटिंग गंजासाठी आहे, झिजेसाठी नाही. झिंक स्वतः आधी गंजून पोलादाला वाचवतं, पण घासणाऱ्या जागेवर ते आठवडाभरही टिकत नाही.

शाफ्ट वेल्डिंगनं भरायचा? माझं स्पष्ट मत: हळू फिरणाऱ्या, कमी भाराच्या एमएस शाफ्टलाच. ईएन ८ला दीडशे-दोनशे अंश आधी तापवल्याशिवाय, आणि ईएन १९ला त्याहून जास्त तापवल्याशिवाय हात लावू नका. शिकाऊ असताना मी घाईत ईएन १९चा एक शाफ्ट थंडच भरला होता. लेथवर सुंदर निघाला. तिसऱ्या आठवड्यात वेल्डच्या कडेला, अगदी सुरीनं कापल्यासारखा तुटला. मालकांनी तो तुकडा बरेच दिवस माझ्या व्हाइसशेजारी ठेवला होता.

पायरी ८: प्लेटिंगवाल्याला चिठ्ठी द्या

"क्रोम मारून द्या" एवढंच तोंडी सांगितलं तर मनाला येईल तेवढा चढवून मिळतो. चिठ्ठीत लिहा: मटेरियल कुठलं, आधी हार्ड केलंय का, थर कुठून कुठपर्यंत, ग्राइंडिंगनंतर किती उरला पाहिजे, कुठे अजिबात नको. ईएन २४सारखं ताकदीचं पोलाद असेल तर एक ओळ ठळक: प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास बेकिंग. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढला नाही तर भार नेहमीचाच असतानाही पार्ट अचानक ठिसूळ होऊन तुटतो. क्रोमचं द्रावण स्वतःच्या शॉपमध्ये बादलीत करून बघायचे प्रयोग तर करूच नका. त्यातला सहासंयुजी क्रोमियम कॅन्सरकारक आहे.

पायरी ९: बसवताना

सीलच्या जागेचा फिनिश ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाची सरासरी). त्याहून खडबडीत असेल तर ओठ खातो, आणि फारच गुळगुळीत असेल तर तेल धरत नाही. लेथच्या टूलची पेचदार रेघ राहिली तर शाफ्ट स्क्रूसारखा तेल बाहेर पंप करतो, सील कितीही भारी असलं तरी. ग्राइंडिंग व्हील पुढे-मागे न सरकवता सरळ आत घालून केलेलं हवं.

रेघ आहे का हे दोऱ्यानं कळतं. शाफ्ट लेथमध्ये अगदी पाणसळीत धरा, तेलाचं बोट फिरवा. एक बारीक दोरा शाफ्टवर अर्ध्याहून थोडा जास्त गुंडाळा, खालच्या टोकाला दोन-तीन नट बांधा, दुसरं टोक धरून ठेवा आणि शाफ्ट अगदी हळू फिरवा. दोरा बाजूला चालायला लागला तर फिरण्याची दिशा उलटी करा. तो आता उलट्या बाजूला चालला तर पेच आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला तर शाफ्टच तिरका धरलाय, रेघेचा दोष नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पोरांना ते फार आवडतं.

शाफ्टच्या टोकाला चॅम्फर (तिरकी कड) असू द्या. सील की-वेवरून सरकवताना तिथे टेप चिकटवा, नाहीतर नवा ओठ पहिल्याच मिनिटात चिरतो. ओठाला ग्रीस लावा. कोरडं बसवलेलं सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळतं.

तो रोटाव्हेटर ह्या हंगामात परत आला, पाती बदलायला. सीलखालचा पट्टा नखानं तपासला: हलकी चमक आलीय, नख अजून अडकत नाही. सीलच्या बाहेर आता एकच मिमी उरलाय, म्हणजे पुढच्या खेपेला सरकवायला जागा नाही. तेव्हा ४४.५० ला ग्राइंड करून क्रोमलाच द्यावा लागेल, आणि तसं त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.